अडलेला उभा शब्द

“मधलं अक्षर ‘पे’, शेवटचं ‘मा’. असा शब्द मराठीत आहे तरी का, बुवा?”

प्रणिताने शब्दकोड्याचा कागद निरंजनबुवांपुढे सरकवला.

मठाच्या मासिकातलं कोडं बुवाच रचत. अलीकडे नजर साथ देईना. ‘एवढं सोडव, पुढचं तू रच,’ असं ते तिला म्हणाले होते.

प्रणिता भोगटे कोड्यांच्या स्पर्धा जिंकलेली. पेनानेच सोडवायची.

आज एकच शब्द अडला होता. उभा, तीन अक्षरी. ‘कथेतली कलाटणी हिला चकवते.’

“तुमचंच काहीतरी चुकलंय,” ती म्हणाली.

“असेल.”

...

जेवणाची घंटा झाली. बुवा उठले. “चल.”

“सुटल्याशिवाय उठायची नाही मी.”

बुवा एकटेच जेवून आले. ती तिथेच होती. कागदाच्या कडेला शब्दच शब्द, सगळे खोडलेले.

“‘मा’ कुठून आला?” बुवांनी विचारलं.

“आडव्या शब्दातून. तिथे ‘उपमा’ आहे.”

“काय विचारलंय तिथे?”

“डोळे दिव्यांसारखे. अलंकार ओळखा.” तिने कागदाकडे पाहिलंही नाही.

“वाच.”

“वाचलंय, बुवा.”

“वाच.”

“अहो, किती वेळा तेच! डोळे दिव्यांसारखे. उपमा.”

बुवा वाकले, आणि तिने लिहिलेल्या उत्तरावर त्यांनी तळहात ठेवला.

“आता वाच.”

तिने कागद जवळ ओढला. ओळीवर बोट ठेवलं.

“‘डोळे जणू दिवे...’”

बोट थांबलं.

“जणू...”

‘सारखे’ असं तिथे कुठेच नव्हतं. ‘जणू’ होतं. आणि ‘जणू’ आलं की ती उपमा नव्हे, उत्प्रेक्षा.

बुवांनी हात उचलला. तिने ‘उपमा’ खोडलं, वर बारीक अक्षरात ‘उत्प्रेक्षा’ लिहिलं. ‘मा’च्या जागी ‘क्षा’ आलं.

“अपेक्षा!” ती ओरडलीच. “कलाटणी जिला चकवते, ती अपेक्षा!”

मग तिचे कान तापले.

“हे मला येत होतं, बुवा. शाळेपासून येत होतं.”

“हो. येत होतं.”

...

कोडं सुटलं होतं. तरी ती उठली नाही.

“पुढचं मी रचू?”

“रच,” बुवा म्हणाले. “पण उत्तर तुला ठाऊकच नाही, असं समजून रच.”