गाडी उचलली गेली, पण…

एकदा एका जुन्या डिझेल स्टेशन वॅगनने इस्माईल उस्तादांच्या गॅरेजात मोठी घाई आणली. गॅरेज घाटाच्या पायथ्याशी, गाडी वासंतीताईंची. त्यांच्या वडिलांच्या मणक्यावर शस्त्रक्रिया ठरली होती आणि त्याच दिवशी त्यांना गाडीत मागे आडवे निजवून घाटावरच्या इस्पितळात न्यायचे होते. पण गाडी मागून पार खाली बसली होती आणि प्रत्येक खड्ड्यात दणकत होती.

उस्तादांचा शिष्य दिगंबर हाताचा जलद, स्वभावाने उतावळा. मागचे दोन्ही हायड्रॉलिक शॉकअब्सॉर्बर त्याने बदलले, तेल भरले, इंजिन सुरू केले. पंपाने तेल दाबले तसा गाडीचा मागचा भाग हळूहळू वर आला. इतक्यात वासंतीताईंचा पुन्हा फोन आला.

“झाली गाडी! आणतोच,” दिगंबर म्हणाला.

उस्तादांनी त्याच्या हातातून किल्ली घेतली. “मागे आडवा हो.”

“उस्ताद, तिकडे माणसं खोळंबलीत!”

“आडवा हो म्हटलं ना!”

दिगंबर चडफडत आडवा झाला. उस्तादांनी गाडी उखडलेल्या रस्त्यावर घातली. पहिल्याच खड्ड्याला त्याच्या पाठीतून कळ गेली, दुसऱ्याला तो ओरडला, “थांबवा!”

गाडी थांबली.

“शॉकअब्सॉर्बरला जोडलेले गॅसचे गोळे का नाही बदललेस? नवे आणलेत ना?”

“जुने कोरडे होते. थेंबही गळत नव्हता.”

“ते आतून फुटतात. गोळ्यात एकीकडे तेल, दुसरीकडे दबणारा गॅस, मध्ये पडदा. पडदा फाटला की गॅस जातो, सगळं तेलच भरतं. गाडी उचलली जाते, पण धक्का जिरायला आत जागाच उरत नाही. मग तो निजलेल्या माणसाच्या पाठीत जातो. बाबा, माणसाचंही असंच असतं. भार उचलणारे पुष्कळ भेटतात. पण ज्याच्या आत थोडी मोकळी जागा आहे, त्याच्याबरोबरचा माणूसच सुखरूप पोचतो.”

गॅरेजात परतताच गाडीखाली शिरून दिगंबरने दोन्ही गोळे बदलले. या खेपेस गाडी त्याच रस्त्यावरून फिरवून आणल्यावरच तो वासंतीताईंच्या दारी गेला.

त्या उंबऱ्यातच कडाडल्या, “ही वेळ झाली यायची? आम्ही सकाळपासून जीव मुठीत धरून बसलोय. तुम्हाला काय त्याचं!”

एरवी त्याने चार शब्द सुनावले असते. आज त्याने सगळे ऐकून घेतले, गाडीचे मागचे दार उघडले आणि हळूच विचारले,

“ताई, बाबांची उशी कोणत्या बाजूला ठेवू?”