मांडवातला कळंब

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची, ते विचारू नका. तेव्हा माणसं झाडांशी बोलत आणि वानरं माणसांना उलट उत्तरं देत, एवढं सांगितलं म्हणजे पुरे.

एका डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. गावाला नदी होती, आणि नदीपलीकडे एक दाट राई होती. राईत भर उन्हाळ्यातही ऊन जमिनीपर्यंत पोचत नसे. गुरं तिथं बसत, वाटसरू तिथं भाकरी सोडत आणि वानरांचं एक मोठं बिऱ्हाड तिथं पिढ्यान्‌पिढ्या राहत असे. राईच्या मध्यभागी एक उंच, सरळ कळंब होता.

तो कळंब म्हणजे गावच्या पाटलाच्या कुळाचं देवक. ज्यांना देवक ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. प्रत्येक कुळाचं एखादं झाड ठरलेलं असतं. लग्नाच्या आधी यजमान आणि त्याची बायको वाजतगाजत त्या झाडाकडे जातात, हळदकुंकू वाहतात, खांद्यावरच्या कुऱ्हाडीनं हलक्या हातानं एक डहाळी घेतात आणि ती मांडवात आणून पूजतात. ती डहाळी जिवंत झाडाचीच लागते. ती आली की देव मांडवात आले असं समजायचं. ती आल्याशिवाय नवरीला हळदसुद्धा लागत नाही.

पाटील मनानं वाईट नव्हता. गावात कोणी अडलं तर धावून जाणारा माणूस. पण लोक काय म्हणतील, या एका गोष्टीपुढे त्याची अक्कल गहाण पडत असे. त्यातून शेजारच्या गावच्या पाटलानं आदल्याच वर्षी मुलीचं लग्न केलं होतं. त्याचा मांडव वेशीपासून देवळापर्यंत होता. तेव्हापासून आपल्या पाटलाला झोप गोड लागेना.

पुढं त्याच्या सगुणाचं लग्न ठरलं. सगुणा त्याची एकुलती लेक. पाटलानं त्याच दिवशी जाहीर केलं, "मांडव असा घालीन की वेशीपासून नदीपर्यंत पाहुण्याच्या डोक्याला ऊन लागणार नाही!"

सगुणा हसून म्हणाली, "आबा, पाहुण्यांना सावलीच द्यायची ना? मग लग्न राईतच करू की. तिथं आयती सावली आहे."

"वेडी का काय तू?" पाटील म्हणाला. "पाटलाची लेक झाडाखाली उजवायची? पाटलाला मांडव झेपला नाही म्हणून गावं हसतील."

"पण एवढ्या मांडवाला लाकूड कुठून आणणार?"

"राई कशाला आहे मग?"

सगुणा गप्प झाली. सावली मोडून सावली उभारायची, हे काही तिच्या गळी उतरेना. पण बापाच्या डोळ्यांत इतका आनंद होता की तिला पुढं बोलवेना. तिचं हेच चुकलं, असं मला वाटतं.

झाडं तोडायला परगावची माणसं आली, कारण गावातल्या कोणाचाही हात राईवर चालला नसता. त्यांचा मुकादम पाटलाला विचारायला आला. पाटील तेव्हा आचाऱ्याशी बुंदीच्या लाडवांवरून वाद घालत होता. बुंदी बारीक की जाड, हा मोठा पेच पडला होता.

मुकादम म्हणाला, "पाटील, राईतलं काही राखायचं आहे का?"

"काही राखू नका," पाटील मान न वळवता म्हणाला. "सरळ दिसेल ते सगळं आणा. आणि सगळ्यात उंच असेल तो खांब मधोमध रोवा."

पाटलानं नंतर पुष्कळदा आठवून पाहिलं. आपल्या तोंडून ते शब्द निघाले तेव्हा आपण बुंदीचा विचार करत होतो, हेच त्याला आठवे.

मांडव मात्र झाला बघण्यासारखा. वेशीपासून नदीपर्यंत हिरवं छत. खांबांना रंगीत कापडं गुंडाळलेली, दारोदार केळीचे खुंट. लोक तोंडात बोट घालत आणि पाटील मिशीवरून हात फिरवी. पण वैशाखाचं ऊन. दुसऱ्याच दिवशी पानं करपली, तिसऱ्या दिवशी गळायला लागली. छतातून कवडसे पडले, मग कवडशांची भगदाडं झाली. आचाऱ्याच्या कढईत पाचोळा पडू लागला आणि बुंदीचा वाद आपोआप मिटला.

त्याच संध्याकाळी वानरं आली. सगळं बिऱ्हाडच आलं, कडेवरच्या पिल्लांसकट, आणि मांडवावर जागा धरून बसलं.

पाटील काठी घेऊन धावला. "हाकला रे यांना! लग्नाला बोलावलंय का तुम्हाला?"

एक म्हातारी वानरीण मधल्या खांबाच्या टोकावर बसली होती. ती शांतपणे म्हणाली, "लग्नाला कोण आलंय, पाटील? आम्ही घरी आलोय. घर तुम्ही इकडं आणलंत, मग आम्ही कुठं जायचं?"

पाटलानं काठी खाली घेतली.

"हा मधला खांब तर माझ्या फार ओळखीचा," वानरीण त्यावर हात फिरवत म्हणाली. "तुमच्याही असायला हवा."

पाटलानं ते बोलणं कानाआड केलं. लग्नघरी हजार कामं असतात. वानरिणीच्या बोलण्याचा विचार कोण करतो?

दुसरा दिवस उजाडला. वऱ्हाड दुपारपर्यंत वेशीवर येणार होतं. त्याआधी देवक आणायचं होतं. पाटील आणि पाटलीणबाई नवी वस्त्रं नेसून निघाली. पाटलाच्या खांद्यावर कुऱ्हाड, पाटलीणबाईच्या हातात पूजेचं ताट, डोक्यावर चौघांनी धरलेला शेला, पुढं वाजंत्री. सारा गाव मागं. नदी ओलांडून सगळे राईत शिरले.

राईत शिरले असं म्हणायचं, इतकंच. शिरायला तिथं काही उरलं नव्हतं. जिकडे पाहावं तिकडे थोटकं आणि वर रखरखीत आभाळ. वाजंत्री वाजवत होते, ते एकेक करून थांबले.

पाटलीणबाई ताट धरून उभी राहिली. "अहो, कळंब कुठं आहे?"

पाटील इकडं धावला, तिकडं धावला. त्याची कुऱ्हाड खांद्यावरून कधी गळली, हे त्याला कळलंही नाही. मग त्याला म्हातारी वानरीण आठवली. तो तसाच मागं फिरला, नदीतून भिजत पळत मांडवात आला आणि मधल्या खांबाचं कापड त्यानं ओढून काढलं.

सालीवर हळदीचे डाग होते. जुने, पुसट, एकावर एक. खाली त्याच्या आजाच्या लग्नाचे, त्यावर बापाचे. आणि छातीच्या उंचीवर, जिथं एक डहाळी घेतल्याची लहानशी खूण होती, तिथं त्याच्या स्वतःच्या लग्नाची हळद होती. त्या दिवशी बापानं कुऱ्हाड त्याच्याही हाती दिली होती, आणि आईनं त्याचा हात धरून सांगितलं होतं, हळू रे, दुखेल त्याला.

पाटील त्या खांबाला मिठी मारून लहान पोरासारखा रडला. थाटामाटाचं सारं खूळ त्या रडण्यात वाहून गेलं.

पंचक्रोशीत दुसरा कळंब नव्हता. जिवंत डहाळी नाही म्हणजे देवक नाही, देवक नाही म्हणजे लग्न नाही. तेवढ्यात वऱ्हाड वेशीवर आलं. पाटील पागोटं काढून विहीणबाईंसमोर उभा राहिला आणि काही न लपवता सगळं सांगितलं.

विहीणबाई करारी होत्या. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "पाटील, देवकाशिवाय मी सून घरात घेणार नाही. माझ्या सासूनं घेतली नसती, मीही घेणार नाही. आता काय करायचं, तुम्हीच सांगा."

तेव्हा सगुणा पुढं आली. नवरीनं असं बोलायची रीत नव्हती, पण एकदा गप्प राहून काय झालं ते तिनं पाहिलं होतं.

"आत्याबाई," ती म्हणाली, "झाड तुटलंय, मूळ आहे. मुळाला पाणी मिळालं तर ते फुटेल. तोवर थांबाल का?"

विहीणबाईंनी तिच्याकडे निरखून पाहिलं. "आषाढी एकादशीनंतर लग्नं होत नाहीत. तोवर पालवी आली, तर मी स्वतः येईन. नाही आली, तर आम्ही दुसरीकडे बघू. त्यात राग मानायचा नाही."

वऱ्हाड माघारी गेलं. जेवणाचं काय झालं म्हणता? गावजेवण झालं, पण कोणाला घास गोड लागला नाही.

दुसऱ्या दिवसापासून पाटलानं खांद्यावर कावड घेतली. गडी पुढं आले, त्यांना त्यानं हात लावू दिला नाही. नदीपासून कळंबाच्या बुंध्यापर्यंतची वाट आता उघडी पडली होती. पाय पोळत, डोकं तापे, आणि उन्हात वाटसरूची काय गत होते ते पाटलाला त्या वाटेवर पहिल्यांदा समजलं. सगुणानं बुंध्याच्या जखमेवर शेणमातीचा लेप दिला. मांडव मोडला, त्याचा पाचोळा साऱ्या थोटकांभोवती ओल टिकावी म्हणून पसरला आणि खांबांची कुंपणं केली. फक्त मधला खांब पाटलानं बुंध्याशेजारी आडवा ठेवला, आपल्या माणसाला जवळ निजवावं तसा.

एके सकाळी पाटील पोचला तर बुंध्याशी कोणीतरी आधीच घागर ओतत होतं. पाहतो तर होणारा जावई!

"आईनं पाठवलं?" पाटलानं विचारलं.

"आईला ठाऊक नाही," तो लाजून म्हणाला. "पण लग्न माझंही आहे ना, मामा."

वैशाख सरला. ज्येष्ठ अर्धा गेला. बुंधा तसाच, वाळका, मुका. लोक पाटलाला समोर धीर देत आणि मागं माना हलवत. पाटील मात्र खेपा घालत राहिला. आता त्याला लोकांच्या मानांकडे बघायला सवड नव्हती. रात्री तो देवाकडे एवढंच मागे, की माझ्या चुकीची शिक्षा पोरीला देऊ नको.

आणि ज्येष्ठाच्या अखेरीला एका सकाळी वानरांचा गलका ऐकून तो धावत गेला. बुंध्याच्या कडेला, लेपाला भेगा पाडून, एक कोंब आला होता. बोटाएवढा, वर चिमुकली तांबूस पानं. पाटलानं त्याच्यापुढं डोकं टेकलं.

विहीणबाई शब्दाच्या पक्क्या. निरोप मिळताच आल्या, मोजकी माणसं घेऊन. पुन्हा ताट आलं, शेला आला, कुऱ्हाड आली. सारे बुंध्याभोवती उभे राहिले. पाटलानं हळदकुंकू वाहिलं आणि कुऱ्हाड उचलली.

पण त्याचा हात खाली येईना. त्या कोंबावर पानं होती ती एवढीच. ती घेतली तर मागं काय उरणार?

"घ्या ना, पाटील," विहीणबाई म्हणाल्या. "मुहूर्त टळेल."

पाटलानं कुऱ्हाड बाजूला ठेवली आणि हात जोडले. "विहीणबाई, माझ्याच्यानं होणार नाही. देवकाला मांडवात नेतात, ही रीत. आज मांडवच देवकापाशी आणू द्या. पोरांना इथंच उभं करू."

सगळे विहीणबाईंच्या तोंडाकडे बघू लागले. त्यांनी वाकून कोंबाची पानं बोटानं हलकेच चाचपली.

मग म्हणाल्या, "देवक समोर आहे, जिवंत आहे. मला आणखी काय हवं? धरा तो शेला पोरांच्या डोक्यावर."

चौघांनी शेला धरला. तोच मांडव. सगुणाला हळद लागली ती बुंध्याशेजारी, आणि अक्षता पडल्या त्याही तिथंच. पंगत नदीकाठी पळसाच्या पत्रावळींवर बसली. पाणी माठातलं, लाडू बेताचे. पानात फारसं काही उरलं नाही आणि उरलं ते वानरांनी पाहून घेतलं. म्हातारी वानरीण लाडू खात पाटलाला म्हणाली, "बुंदी बारीक चांगली लागते हो."

शेजारगावचा पाटीलही आला होता. जाताना तो म्हणाला, "मांडव लहान होता, पण असं लग्न मी पाहिलं नाही." त्या रात्री आपल्या पाटलाला गाढ झोप लागली.

वर्षं गेली. थोटकं फुटली, राई पुन्हा उभी राहिली, वानरं घरी परतली. सगुणाची मुलं आजोळी आली की कळंबाखाली खेळत आणि आजोबा तिथंच बाजेवर पडून असत. त्या गावात पुढं रीतच पडली. देवकाला जाताना यजमानाच्या खांद्यावर कुऱ्हाड नसते, पाण्यानं भरलेली कावड असते. कुणाचंही लग्न असो, ते राईतच लागतं, आणि तिथं कुणाला ऊन लागत नाही.

तात्पर्य : ज्याचा आशीर्वाद हवा, त्याच्याच मुळावर घाव घालून कोणतंही शुभकार्य उभं राहत नाही.