नायिका तीन, शालू एक

"उद्या उत्कृष्ट नायिकेचा शालू कोणाला मिळणार ते आजच सांग. चुकलीस, तर परवापासून नाटकगृहाची पायरी चढायची नाही," असं काजळगावचे राजे तुळाजीराव यांनी चिमाबाईला फर्मावलं, तेव्हा दिवाणजींनासुद्धा वाईट वाटलं. कारण शालू कोणाला द्यायचा हे ठरवणारे राजे स्वतःच होते. चिमाबाईने जिचं नाव घ्यावं तिला सोडून ते दुसरीलाच शालू देऊन मोकळे होणार, हे सगळ्यांना दिसत होतं.

चिमाबाई नटींना लुगडी नेसवायची आणि त्यांच्या चोळ्या शिवायची. तीस वर्षं तिचं घर म्हणजे ते नाटकगृहच. तिची चूक एवढीच, की पान लावता लावता ती बोलून गेली, "बक्षीस कोणाला जाणार ते सांगायला ज्योतिषी कशाला हवा?" आपल्या मनाचा थांग कोणालाच लागत नाही असा राजांचा मोठा अभिमान होता. ते बोलणं त्यांच्या कानावर गेलं आणि त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला.

"अंदाज आमच्या शिक्क्याखाली बंद राहील," राजे म्हणाले. "निकालाआधी शिक्का मोडला, तर तो अंदाज बाद."

काजळगावची स्पर्धा मोठी गमतीची असे. तीन नायिकांसाठी तीन नाटकं कोण बसवणार? म्हणून संगीत नाटक एकच, आणि दर अंकाला नायिका नवी. यंदा पहिल्या अंकात उंच, शिडशिडीत विलासिनीबाई, दुसऱ्यात चांगल्या भरभक्कम अंबूताई आणि तिसऱ्यात नायकाच्या कोपरापर्यंत पोचणाऱ्या कुमुदिनीबाई. "प्रिये, तू जराही बदलली नाहीस," हे वाक्य नायकाला तिघींनाही म्हणावं लागायचं. निकाल लागला की विजयी नायिकेने तिथल्या तिथे बक्षिसाची चोळी घालून आणि शालू नेसून शेवटचं पद म्हणायचं. चोळी आदल्या दिवशीच पेटीत जायची, त्यामुळे ती कोणालाही व्हावी अशी ढगळ असायची आणि टाचण्यांनी आवळावी लागायची. एके वर्षी तर एका बाईंनी तार सप्तकातला असा काही सूर लावला, की लोकांनी वन्समोअर दिला. तो सूर टाचणीचा होता, हे मागाहून कळलं.

चिमाबाईने कारकुनाकडून एक नाव लिहून घेतलं आणि लखोटा दिवाणजींच्या हाती दिला. मग शालू आणि चोळी घडी घालून पेटीत ठेवली. लखोट्यावर आणि पेटीवर लाखेचा शिक्का बसला. नाटकगृह सुटलं तर ती जाणार कुठे?

संध्याकाळी राजांनी खोलीचं दार लावलं, पातळ सुरी तापवली आणि दिवाणजींच्या नकळत आणलेला लखोटा अलगद उघडला. आत विलासिनीबाईंचं नाव. राजांनी ते दोनदा वाचलं. विलासिनीबाई त्यांच्या अतिशय लाडक्या, आणि शालू त्यांनाच द्यायचा असं त्यांनी महिनाभर आधी ठरवून टाकलं होतं. पण हट्ट तो हट्ट. त्यांनी लाख पुन्हा लावली आणि लखोटा जागच्या जागी ठेवला.

दुसऱ्या दिवशी विलासिनीबाईंना तीन वन्समोअर मिळाले, तेव्हा टाळ्या वाजू नयेत म्हणून राजे स्वतःच्या हातांवर बसले. अंबूताईंच्या पदाला ते नाइलाजाने डोलले. नंतर शिरस्त्याप्रमाणे दोन वाट्या बासुंदी झाली आणि तिसरा अंक त्यांनी डोळे मिटून ऐकला.

निकाल लागला. शालू अंबूताईंना!

"हरलीस, चिमाबाई," राजे आनंदाने म्हणाले. "तू तर विलासिनीबाईंचं नाव लिहिलं होतंस."

सगळ्यांनी वळून दिवाणजींकडे पाहिलं. लखोटा अजून दिवाणजींच्या तबकात बंदच होता.

"सरकार," चिमाबाई हात जोडून म्हणाली, "न उघडताच कसं कळलं?"

राजे छताकडे बघू लागले.

"म्हणजे तो अंदाज बादच झाला. पण मला कुठे लिहिता येतं, सरकार? माझा खरा अंदाज पेटीत आहे. शिक्का बघून घ्यावा."

शिक्का शाबूत होता. दिवाणजींनी पेटी उलटीपालटी करून पाहिली; आत चोळी एकच. अंबूताई ती घालून आल्या, तर अगदी मापात, एक टाचणी नाही. खात्री करावी म्हणून ती विलासिनीबाईंनाही घालून पाहिली. आत आणखी एक विलासिनीबाई सहज मावल्या असत्या. कुमुदिनीबाईंना ती गुडघ्यापर्यंत आली. अंबूताईंनी मात्र छातीभर श्वास घेऊन असं पद म्हटलं, की मागच्या बाकांवरची माणसं उभी राहिली.

"पण तुला कळलं कसं?" राजांनी विचारलं.

"लखोटा सरकार फोडणार हे ठाऊक होतं, म्हणून सरकारांच्या आवडीचं नाव त्यात घातलं. त्या गळाल्या. कुमुदिनीबाईंचं गाणं तिसऱ्या अंकात."

"मग?"

"तिसऱ्या अंकात सरकार झोपतात."

"आम्ही डोळे मिटून ऐकतो!"

"हो सरकार. घोरतं ते दुसरंच कोणीतरी."

दिवाणजींनी घाबरून डोळे मिटले. राजे क्षणभर लाल झाले आणि मग असे हसत सुटले, की पगडी घरंगळून बाजाची पेटी वाजवणाऱ्याच्या मांडीवर गेली. चिमाबाईला तहहयात नटींच्या रंगपटाची मुखत्यारी मिळाली, वर सोन्याच्या पाटल्या. आणखी काही माग, असंही राजे म्हणाले.

"कुमुदिनीबाई फार सुरेख गायल्या," चिमाबाई म्हणाली. "पुढच्या वर्षी सरकारांनी तिसरा अंक जागेपणी ऐकावा."

राजांनी बराच वेळ विचार केला आणि हुकूम काढला, की यापुढे तिसरा अंक आधी करावा आणि पहिला शेवटी. तेव्हापासून काजळगावच्या नाटकात पडदा उघडताच लग्न लागतं, मग भांडण होतं, आणि अगदी शेवटी नायक नायिकेला तिचं नाव विचारतो, तेव्हा राजे शांतपणे डोळे मिटून ऐकत असतात.