उजाड पेशींतली पट्टी

“बाई, एवढी देखणी पट्टी आली, तरी तुम्ही गप्प का?”

कौस्तुभ चिकोडेनं एक्स-रेला वापरतात तसली फिल्म त्याच्या गाईड हुद्दारबाईंच्या नाकापुढे धरली. महिनाअखेर त्याचा पीएच.डी.चा थिसिस जायचा होता.

फिल्म नुसती हुंगून ती कुठल्या वारी काढली ते बाई सांगतात, अशी आमच्या लॅबमध्ये आख्यायिका होती. पसरवली मीच. शेजारच्या टेबलावर बसून दुसरं काय करणार?

बाईंनी सशांकडून एक अँटिबॉडी करून घेतली होती. मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे पेशीच्या श्वासयंत्रात, एक प्रथिन असतं. ती त्यालाच जाऊन चिकटते. चिकटली की फिल्मवर काळी पट्टी उमटते. चार वर्षांत कौस्तुभनं अशा सहाशे पट्ट्या काढल्या होत्या, आणि दर शंभरीला त्याची छाती बोटभर वाढत होती.

“ही कुठे उमटू नये?” बाईंनी विचारलं.

“म्हणजे?”

“जिथे ते प्रथिन नाहीच, तिथे लावून पाहिलीस?”

तो हसला. “नाही तिथे काय बघायचं, बाई? रिकाम्या घराची बेल वाजवायची?”

“वाजव. बघ कुणी दार उघडतं का.”

द्रव नायट्रोजनच्या टाकीत गोठवून ठेवलेल्या उजाड पेशी होत्या. त्यांच्या मायटोकॉन्ड्रियातली जनुकं काढून टाकलेली. ते प्रथिन त्यांना बनवताच येत नाही. कौस्तुभनं त्या दहा दिवस कुरकुरत वाढवल्या.

बाराव्या दिवशी तो डार्करूममधून बाहेर आला. फिल्मचं पाणी बुटांवर ठिबकत होतं.

उजाड पेशींच्या रांगेत पट्टी होती. त्याच उंचीवर. तेवढीच काळी.

“अँटिबॉडी खोटी निघाली, बाई.”

“ती कुठे खोटं बोलली? जे सापडलं ते तिनं धरलं. नाव आपण ठेवलं.”

“आपण?”

“अठरा वर्षं मी हीच वापरतेय.”

“मग तुमचे सगळे पेपर...”

बाईंनी मान हलवली. होकाराची की नकाराची, ते मला आजही सांगता येत नाही. एरवी मी काहीही सांगू शकतो.

“तुम्हाला शंका होती?”

“होती.”

“मग आधी का नाही बघितलंत?”

“पट्टी देखणी होती रे...”

कौस्तुभ स्टुलावर बसला. फिल्म त्याच्या हातातून सुटली. बाईंनी वाकून ती उचलली.

“चार वर्षं, बाई... आता माझ्याकडे उरलं काय?”

बाईंनी ओली फिल्म खिडकीच्या काचेला चिकटवली.

“ही पट्टी. ती कशाची, हे आजपासून आपल्याला माहीत नाही.”