सात मिनिटांचा तांबडा दिवा

मंडळी, जरा मागे सरका आणि आपापली घड्याळं बघा. पावणेसहा झाले, आणि हे बघा, चौकाचे चारही दिवे एकदम तांबडे. ते कंटेनर थांबले, कंपन्यांच्या बसा थांबल्या, ती लांबलचक काळी गाडीही थांबली. आता सात मिनिटं कुणीही हलणार नाही आणि भोंगाही वाजवणार नाही. नकाशात या जागेला दुसरंच काहीतरी कोरडं नाव आहे, पण रिक्षावाल्याला विचारलंत तर तो ‘म्हशींचा सिग्नल’ म्हणूनच तुम्हाला इथं सोडेल. म्हैस मात्र तुम्हाला औषधालाही दिसायची नाही.

का, ते सांगतो. म्हसोबाची आण घेऊन सांगतो, यातला शब्द न् शब्द खरा. सगळं मी या डोळ्यांनी पाहिलेलं आहे. म्हणजे, ज्या दिवशी मुख्य प्रकार घडला त्या दिवशी मी मामाच्या गावी कांजिण्या येऊन पडलो होतो. पण डोळे हेच होते.

तर पूर्वी इथं रस्ता नव्हता. रस्त्याच्या या अंगाला आमचं कुरणगाव, गवळ्यांची चाळीस घरं. त्या अंगाला, आता जिथं काचेच्या इमारती आहेत तिथं, गायरान आणि त्याच्या पोटात एक डोह. सकाळी धारा झाल्या की म्हशी सोडायच्या. त्या आपल्या आपण गायरानात जायच्या, ऊन चढलं की डोहात शिरायच्या आणि संध्याकाळी आपल्या आपण घरी यायच्या. म्हशीला उन्हाळ्यात पाणी मिळालं नाही तर ती दूध देणं तर सोडतेच, पुढे जीवही सोडते. गाव आणि डोह यांच्यामधली ती पाऊलवाट म्हणजे आमची नाळ होती म्हणा.

आमच्या गवळ्यांची एक रीत इथं सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. घरात रेडी जन्मली की त्या घरातली जी म्हातारी शेवटची गेली असेल, तिचं नाव रेडीला द्यायचं. नुसतं नाव नाही, नात्यासकट. पुतळाकाकू वारली की पुढची रेडी पुतळाकाकू. तिला कुणी एकेरी शिवी घालायची नाही, आणि पहिला चारा सुनेनं घालायचा. जिवंतपणी सासूनं सुनेला छळलं असेल तर सून तो चारा कसा घालायची, हे बघायला शेजारणी जमत.

पुढे दिल्लीत काहीतरी ठरलं. तोवर परक्या कारखान्यांना दार बंद होतं, ते उघडायचं ठरलं. तिकडे कुठल्यातरी दूरच्या देशात मजुरी महाग झाली म्हणून तिथले कारखाने जागा शोधत निघाले होते. इकडे दार उघडं मिळालं. दोघांच्या मधे आमचं गायरान आलं. गायरान कुणा एकाच्या नावावर नसतं, त्यामुळे जाताना कुणा एकाला विचारावंही लागलं नाही. मग कारखान्यांसाठी रस्ता आखला गेला. सहा पदरी, मधे कंबरभर भिंत, आणि अकरा किलोमीटरपर्यंत ओलांडायला फट नाही. रस्ता गाव आणि डोह यांच्या बरोबर मधून.

गावात सिद्धाबाई दहीहंडे नावाची एक विधवा होती. घरात ती, तिची सून भागू, आणि अकरा म्हशी. मुलगा शहरात गेला तो गेलाच. धाकटी बहीण म्हशी विकून शहरात धुणीभांडी करायला गेली होती आणि दिवाळीला आली की आपले हात पदराखाली लपवायची. सिद्धाबाईनं ते हात पाहिले होते. डोह तुटला की म्हशी जाणार आणि म्हशी गेल्या की आपण बहिणीच्या वाटेनं जाणार, हे तिला कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

आता हा रस्ता होता परदेशी कर्जातला. असं सांगतात की त्या कर्ज देणाऱ्या देशातही पूर्वी एकदा हाच घोळ झाला होता. समुद्राकाठचं एक कोळ्यांचं गाव होतं. सरकारनं गाव आणि बंदर यांच्यामधून मोठा रस्ता काढला. मासळी आणायला जाणाऱ्या बायांची वाट तुटली, आणि दहा वर्षांत त्या गावात कुत्रंही राहिलं नाही म्हणे. तेव्हा त्या लोकांनी कायदा केला की आपल्या कर्जातून कुठंही रस्ता होवो, तो ओलांडून रोज तीनशेच्या वर बाया घरी येत असतील, तर तिथं वाट ठेवायची आणि दिवा लावायचा. ते गाव कुठलं, याबद्दल मतभेद आहेत. माझे थोरले चुलते सांगायचे तेव्हा तिथं बर्फ पडायचा. चुलतीच्या सांगण्यात नारळाची झाडं असत.

तर बाया मोजायला सबनीस नावाचा एक तरुण आला. इस्त्रीचा शर्ट, हातात पुठ्ठ्याला लावलेले छापील कागद. सिद्धाबाईच्या ओट्यावर बसला आणि विचारू लागला.

“मावशी, रोज संध्याकाळी तिकडून रस्त्याची ही आखणी ओलांडून घरी कोण कोण येतं? बाया किती?”

सिद्धाबाईला वाटलं, हा गवळ्याच्या घरी आलाय, तर म्हशींचंच विचारणार. तिकडून घरी दुसरं येतंच कोण? “अकराजणी,” ती म्हणाली.

“अकरा? नावं सांगा.”

“गंगाआत्या, पुतळाकाकू, थोरली सासू, धाकटी सासू, काशीमामी...”

सबनीस भराभर लिहीत गेला. एवढ्या मोठ्या एकत्र कुटुंबाचं त्याला कौतुक वाटलं. “यात वयस्कर कोण?”

“पुतळाकाकू. पायानं अधू झालीया, पर डोहात उतरली की निघत न्हाई. रोज हाका मारून मारून घसा बसतो माझा.”

“गरोदर कुणी?”

“तिघी.”

“आणि गरोदर असून एवढं चालतात?”

“न चालून कसं भागंल, साहेब? बसून ऱ्हायली तर ऐन वेळंला अडंल की.”

सबनीसला गहिवरून आलं. त्यानं धंद्याच्या रकान्यात ‘दूध’ असं लिहिलं, पाण्याच्या रकान्यात ‘वृद्ध महिलांनाही डोहावर जावे लागते’ असं लिहिलं, आणि पुढच्या घरी गेला. चाळीस घरी त्यानं हेच विचारलं आणि चाळीस घरी त्याला अशीच उत्तरं मिळाली. बेरीज आली तीनशे एक्केचाळीस. यात कुणी कुणाला फसवलं नाही, हे लक्षात घ्या. त्यानं विचारलं ते त्यांनी सांगितलं, त्यांनी सांगितलं ते त्यानं लिहिलं.

कागद वर गेला आणि दिवा मंजूर झाला. पण मंजूर होणं वेगळं आणि लागणं वेगळं. रस्ता आधी सुरू झाला, दिव्याची फाईल मागून चालत राहिली. मंजुरी होती म्हणून भिंतीत एक फट ठेवली होती, तेवढीच. सकाळी रस्ता रिकामा असे, म्हशी निघून जायच्या; संध्याकाळी मात्र गाड्या सुसाट, आणि पलीकडे म्हशी.

तेव्हा असं सांगतात, सिद्धाबाई म्हसोबाच्या दगडापुढे गेली, शेंदूर लावला आणि नवस बोलली: जोवर दिवा लागत नाही, तोवर रोज अनवाणी रस्त्यात उभी राहीन, आणि शेवटची म्हैस घरी गेल्याशिवाय पाय उचलणार नाही. त्याच संध्याकाळी तांबडं लुगडं नेसून, दोन्ही हात पसरून ती रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. ट्रकवाले शिव्या द्यायचे. “म्हातारे, मरायचंय का?” ती म्हणायची, “मला न्हाई. पर तुला घाई दिसतीया.”

एकदा एक टँकर उतारावरून आला, आणि त्याचे ब्रेक लागेनात. ड्रायव्हर ओरडतोय, लोक ओरडतायत, सिद्धाबाई ढिम्म. टँकर तिच्यापासून वीतभर अंतरावर आपोआप थांबला. ड्रायव्हर खाली उतरून सांगू लागला की बाईच्या मागे त्याला डोंगराएवढा काळा रेडा दिसला. चुलते वीतभर म्हणायचे. मी पूर्वी चार बोटं सांगत असे, पण आता वयोमानानं वीतच ठेवली आहे.

अकरा महिने असे गेले. मग बातमी आली की दिवा बसवायच्या आधी कर्ज देणाऱ्या देशातली एक मॅडम त्या तीनशे एक्केचाळीस बाया स्वतः मोजायला येणार आहे. सबनीस यादी घेऊन आदल्या दिवशी गावात आला आणि ओट्यावर बसून नावं वाचू लागला. “या पुतळाकाकूंना जरा भेटवा ना.” भागूनं गोठ्याकडे बोट दाखवलं. सबनीस गोठ्यात गेला तो बराच वेळ बाहेर आला नाही.

गावची बैठक बसली. नोकरी जाणार म्हणून सबनीस रडकुंडीला. लोक म्हणाले, खऱ्या बाया भरतात ऐंशी; उरलेल्या शेजारच्या चार गावांतून आणू. एकानं तर पुरुषांना लुगडी नेसवायची सूचना मांडली, आणि पहिल्यांदा स्वतःचंच नाव दिलं.

सिद्धाबाई उठली. “मी खोटं सांगितलं न्हाई आन् सांगणारबी न्हाई. ज्या येत्यात त्याच दाखवीन.”

दुसऱ्या दिवशी मॅडम आली. उंच, उन्हानं लालबुंद, डोक्यावर टोपी, बरोबर दुभाषी. पावणेसहाला डोहाकडून धूळ उठली. सिद्धाबाई रस्त्यात उभी राहिली आणि हाका मारू लागली. “गंगाआत्या, या!” एक म्हैस कळपातून पुढे झाली आणि रस्ता ओलांडून गेली. “काशीमामी, या!” दुसरी निघाली. मागे चाळीस घरच्या बाया उभ्या, आपापल्या म्हशींना हाका मारतायत. नाव हाकारलं की म्हैस निघे. मॅडमनं सबनीसच्या हातातली यादी घेतली आणि कागदावर एकेका नावापुढे खूण करू लागली. शेवटी पुतळाकाकू उरली. ती लंगडत, थांबत, मधेच गाड्यांकडे बघत सावकाश आली. मॅडमनं घड्याळ पाहिलं. पहिल्या म्हशीपासून सात मिनिटं.

मग तिनं दुभाष्याकरवी विचारलं, “आणि बाया कुठं आहेत?”

सिद्धाबाई म्हणाली, “त्यास्नी सांग, आमच्या ऐंशी बाया हितं दिसत्यात न्हवं, त्या ह्यांच्या जिवावर. ह्या येयाच्या थांबल्या की आमी जायला निघालो. मंग तुमी दिवा कुणासाठी लावणार?”

दुभाष्यानं ते सांगितलं. मॅडमची आजी म्हणे त्या समुद्राकाठच्या गावातलीच. हे चुलतीचं म्हणणं. मॅडमनं अहवालात एकच ओळ लिहिली: ‘यादीतील सर्व नावे प्रत्यक्ष पडताळली; सर्वजणी हजर होत्या.’ महिन्याभरात दिवा लागला. वेळ पावणेसहा, मुदत सात मिनिटं, लंगड्या पुतळाकाकूच्या चालीनं.

पुढे काय व्हायचं ते झालंच. गायरान भरत गेलं, म्हशी कमी होत गेल्या. पण घाईनं, मातीमोल विकून नव्हे, एकेक करून, म्हाताऱ्या होऊन. डोह तेवढा कारखान्यांच्या मधे राहिला, कारण वाट होती म्हणून जाणारं कुणीतरी होतं. सिद्धाबाई आपल्या ओट्यावर, आपल्या गोठ्याशेजारी म्हातारी झाली. तिचे हात शेवटपर्यंत दुधाच्या वासाचे होते. भागूनं घरात खानावळ काढली आणि ती तुफान चालली.

आता बघा, पलीकडच्या फाटकातून दिवसपाळीच्या बाया सुटल्या. ती निळ्या ओढणीतली ओडिशाची, त्या दोघी नेपाळच्या, ती चष्मेवाली लातूरची आहे. सगळ्या कुरणगावातच खोल्या घेऊन राहतात. मागे एकदा मी हौसेनं मोजल्या, तीनशेच्या वर भरल्या. सबनीसची यादी चुकीची नव्हती, जरा लवकर लिहिली गेली होती एवढंच.

आजही कुणी नवी बाई कामावर लागली की पहिल्या संध्याकाळी ती एकटी रस्ता ओलांडत नाही. रस्त्याच्या या अंगाला भागू उभी राहते, तिला नात्यानं हाक मारते, “ये गं, सुनीतामावशी!” आणि ती वीस वर्षांची पोरगी लाजत, हसत, सगळ्या थांबलेल्या गाड्यांसमोरून सावकाश येते. घाई करायची नाही, असा दंडक आहे.

आता तुम्ही विचाराल, यातलं खोटं किती. सबनीस खरा, यादी खरी. ती तुम्हाला भागूच्या खानावळीत भिंतीवर बघायला मिळेल. टँकरबद्दल मी काही बोलत नाही. पण एक गोष्ट मी पदरची घातली आहे, ती कबूल करतो. नवस. अकरा महिने कुणी देवाशिवाय रस्त्यात उभं राहील, हे पाहुण्यांना पटत नाही, म्हणून मी तो घालतो. सिद्धाबाई म्हातारी झाल्यावर मी तिला स्वतः विचारलं होतं, आजी, म्हसोबाला काय बोलली होतीस?

ती माझ्याकडे असं बघत राहिली, जसं काही मीच खुळा.

“नवस कशाला रं? म्हशी घरी येयाच्या व्हत्या.”