सैलफासाची खिंड

या खिंडीचं नाव नकाशात काय असेल ते असो, आम्ही हिला सैलफास म्हणतो. जरा आत सरका पाव्हणं, फोटोची हौस खाली उतरल्यावर भागवा. तुम्हा शहरातल्यांना फास म्हटलं की फाशीच आठवते. धनगराच्या तोंडी फास म्हणजे उधळलेलं जनावर धरायची दोरी. टोकाला सरकती गाठ. गळ्यात पडली की ओढावी तशी आवळत जाते. मग फास सैल कसा? ऐका.

फार मागं, असं सांगतात, मायाक्का नावाची धनगरीण नवऱ्याबरोबर, धुळाबरोबर, मेंढरं घेऊन कोकणात उतरत होती. सगळा संसार मोरी नावाच्या घोडीच्या पाठीवर: घोंगड्या, भांडी आणि वर बांधलेली तान्ही लेक. खिंडीच्या तोंडाशी आग्या मोहोळ उठलं आणि घोडी उधळली. धावत या टोकावर आली, कशीबशी माघारी वळली आणि थरथरत उभी राहिली. मागं नुसती दरी. वर पोर टाहो फोडत होती, त्यानं घोडी आणखीच बिथरत होती.

जवळ जावं तर घोडी बुजेल, न जावं तर लेक जाईल. तिनं फास फेकला. पहिला खडकावरच आपटला. दुसरा गळ्यात पडला.

"वढ! वढ की!" धुळा ओरडला.

तिनं सगळा जोर लावून ओढलं. फास आवळला, घोडी गुदमरली आणि मान झाडत मागंच सरली. खुरांखालची माती ढासळू लागली. मायाक्कानं झटकन दोरी ढिली सोडली.

"अगं बया, सोडतीस काय? पोर जाईल!"

"जाईल का ऱ्हाईल, देवाला ठावं. पर वढलं तर जाणारच."

सैल दोरी हातात धरून ती "मोरे, ये बाई" म्हणत पुढं झाली. तोंडानं पुटपुटत होती, आतून जीव अर्धा झाला होता. घोडीला श्वास आला. एक पाऊल पुढं टाकलं, मग दुसरं. मायाक्कानं लेक सोडवून छातीशी धरली.

तेवढ्यात ती ढिली झालेली माती घोडीच्या मागच्या पायांसकट गेली. दोरी आवळून धरलेली असती तर मायलेकीही गेल्या असत्या. सैल होती, हातातून सुटली. लेक वाचली, घोडी गेली.

मायाक्का तिथंच बसली. "मी वढलं म्हनून माती सुटली," एवढंच ती बोलत राहिली. धुळानं कितीही समजावलं तरी ऐकेना. उठली ती बोलूनच: या वाटेवर पुन्हा कुणाच्या गळ्यात फास पडायचा नाही.

आजही कळप इथं आला की घोड्यांच्या गळ्यातल्या दोऱ्या काढतात. बाई पुढं होते, हाक मारते आणि जनावर आपणहून येईस्तोवर थांबते, मग कितीही वेळ लागो. ते पलीकडं पोचलं की त्याच्या कपाळाला हात लावून म्हणते, "चुकलं बाई माझं." म्हणणारीचं काहीच चुकलेलं नसतं. तरी प्रत्येक बाई म्हणते.