नऊ टाके, सात टाके

"नाटक न्हाई तर काय म्हणायचं ह्याला, वस्ताद?"

हिंदुराव पैलवान तालमीच्या दारात उभा होता. त्याची चाल अशी, की आधी छाती आत यायची, मग सवडीनं हिंदुराव.

लाल मातीच्या हौद्यात त्याचा जोडीदार बंडा बैठका काढत होता. "अठ्ठावीस... एकोणतीस..." थांबला. डोकं खाजवलं. "...अठ्ठावीस."

बालेचांद वस्ताद भिंतीला टेकून तंबाखू मळत होते.

"टेम्पो एकच उलटला. दोघांची डोकी एकाच दांडीवर आपटली. डॉक्टर एक, खाटा शेजारी. मला नऊ टाके, ह्याला सातच! मी दोन महिन्यांत कुस्ती मारली. हा वर्ष झालं तरी डाव इसरतोय, कशावरनंबी चिडतोय. परवा मलाच माझं नाव इचारलं!"

"मग सांगितलंस का?"

"काय?"

"नाव."

हिंदुरावाला हसावं का रागवावं कळेना. त्यानं रागच धरला, तो सवयीचा होता.

"पोरं हसत्यात, वस्ताद. तालमीची अब्रू जाती. त्याला आजच घरी धाडा. न्हाईतर मी चाललो."



वस्तादांची चिमूट दाढेखाली गेली. मग त्यांनी डोक्याचा पटका सोडायला घेतला. तो सुटलेला कुणीच पाहिला नव्हता. आत टक्कल आहे अशी पोरांची पैज होती. टक्कल होतंच.

पण डावा कान वाळक्या अंजिरागत चुरमडलेला. उजवा पिंपळाच्या पानागत साबूत.

"दोन्ही एकाच मातीत घासलं, बाळा. तीच वर्षं, तेच रट्टे..."

वस्तादांनी दोन्ही कान चिमटीत धरले.

"ह्यातला ढोंगी कान कुठला, त्येवढा दाव. आत्ता कापतो."

हिंदुराव या कानावरून त्या कानावर बघत राहिला...

"अठ्ठावीस..." मागून आवाज आला.

हिंदुराव वळला. बंडाच्या मांड्या लटपटत होत्या. घामानं पायाखालच्या मातीचा चिखल झाला होता. तिसावी काही येत नव्हती, आणि गडी काही थांबत नव्हता. सकाळपासून किती शे झाल्या असतील, देव जाणे.

"वस्ताद, किती झाल्या ओ?" बंडानं ओशाळून विचारलं.

हिंदुरावानं वहाणा काढल्या. हौद्यात उतरला.

"मी... मोजू का त्याच्या?"

वस्तादांनी पटक्याचा पहिला वेढा घेतला.

"मोज की. बैठका त्यो काढील, दम तुला लागंल."